कवीची बायको

शेवगावच्या स्टँडवर मी नगरच्या गाडीची वाट बघत होतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पन्नाशीचं एक जोडपं बसलं होतं. नवरा बायकोला आपली नवी गोष्ट सांगत होता.

"सहाशे वर्षांपूर्वीचा तो मोठा कवी यंत्रात बसतो आन् आजच्या नगरात, सावेडीत उतरतो."

"परत तोच कवी?"

"लोकांना आवडतो गं, सविता."

"उतरून काय करतो?"

"दुकानात आपली पुस्तकं बघतो. डोळ्यांत पानी येतं. मग माघारी जातो."

"आन् त्याची बायको?"

"ती घरी हाय."

"तिला सांगून आला का?"

"घाईत हुता."

"तुमच्या तिन्ही गोष्टींत तो न सांगताच येतो. तिकडं ती जेवायची थांबली आसंल."

"मग काय करू?"

"तिला बी आना."

"यंत्रात एकाचीच जागा हाय."

"यंत्र तुमीच केलंय ना?"

"बरं, आनली. पन तिचं नाव कुठंच लिहिलेलं न्हाई."

"माझं घाला."

"सविता? सहाशे वर्षांपूर्वी?"

"यंत्र चालतं, मग नाव का चालू नये?"

तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी संगमनेरला हीच गोष्ट वाचायचीय. तू बी चल."

"मागं नाशकाला गेल्ता, ते मला फोनवरूनच कळलं."

"म्हनून आत्ताच सांगतोय."

"मी काय करू तिथं?"

"पुढं बसून ऐक."

"येते. पन गाडीत खिडकी माझी."