मालोजीची सायकलींची पंचवार्षिक योजना

…आणि वर लोक म्हणतात, मालोजीनं विचार केला नाही! अहो, विचारच तर केला ना राव! विचार न करता धंदा करणारे चिंचवडात काय कमी आहेत? मीच एक. मालोजीच्या दुकानासमोर माझी शिलाईची मशीन. दिवाळीला किती लेंगे शिवायला येणार हे मला दिवाळी झाल्यावर कळतं, तरी चाललंय, दोन वेळचं मिळतंय. पण मालोजीचं तसं नव्हतं. मालोजीनं कागद केला, कागदावर रेघ काढली, रेघेखाली बेरीज मांडली, आणि तुम्हाला सांगतो, बेरीज बरोबर होती हो! मी स्वतः दोनदा करून पाहिली. बेरीज चुकली असती तर आज त्याला एवढं लागलं नसतं. माणूस म्हणाला असता, चला, हिशेब चुकला, सोडून द्या. आता काय सोडणार?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शिंपी मधूनच टाके घालतोय.

स्टेशनातून बाहेर आलं की मुंबई रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान. 'येथे सायकली भाड्याने मिळतील.' दोघांची भागीदारी, मालोजी आणि कादर. एकाच आळीत वाढलेले, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्लेले. मालोजी सातवी फायनल पास, म्हणून तो गल्ल्यावर. कादर चौथीतून पळालेला, म्हणून तो पाने आणि पंक्चर. सायकली मोजून बारा. तासाला दोन आणे, दिवसाचे बारा. अनामत वगैरे काही नाही. माणूस समोर आला की कादर मान वर करून बघणार, "हा आकुर्डीच्या रंगरावाचा जावई, दे." किंवा, "ह्याला नगं देऊ, मागल्या खेपंला घंटी काढून घिऊन गेला." झालं! एवढंच त्यांचं दफ्तर.

आणि मग पिंपरीला कारखाना आला. आधी बांधणारे आले, मग मशीनवाले आले, मग गावोगावची पोरं भरतीला आली. सातारची, नगरची, पार कोकणातली. सकाळी सहाला दुकानापुढं रांग! बारा सायकली सव्वासहाला संपायच्या, आणि उरलेले लोक पायी निघायचे ते मालोजीकडं असं बघत, की ह्यानंच त्यांची सायकल लपवून ठेवलीय.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण नाही! त्याच साली शाळेत एक साहेब आले, सरकारी. देशाची योजना समजावून द्यायला. भिंतीवर मोठा कागद लावला, त्यावर खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात जाणारी लाल रेघ. आणि काय तो आवाज! "बंधूंनो, पुढच्या पाच वर्षांचं ज्याला आज दिसतं, तोच उद्या उभा राहतो!" आम्ही बाकीचे जांभया देत होतो. खरं सांगायचं तर मी झोपलोच होतो. मालोजी मात्र पुढच्या सतरंजीवर ताठ बसून त्या रेघेकडं बघत होता, लग्नात नवरीकडं बघितलं नसेल इतकं!

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन चौकटींचा कागद घेऊन आला. आता वही तर होतीच त्याच्याकडं, रोज किती तास सायकली फिरल्या ते त्यात लिहिलेलं. जूनमध्ये इतके, जुलैत इतके, ऑगस्टात त्याहून जास्त. ठिपके मारले, ठिपके जोडले… आणि निघाली हो रेघ वर! मालोजी ओरडला, "आलीऽ!" मला वाटलं गाडी आली.

मग काय विचारता! एक सायकल एकशेसाठ रुपयांची. दिवसाला बारा आणे, महिन्याला साडेबावीस रुपये. तेलपाणी, टायर-ट्यूब वजा जाता आठ महिन्यांत सायकल आपली किंमत फेडते, पुढं निव्वळ नफा. पहिल्या वर्षी बाराच्या छत्तीस. दुसऱ्या वर्षी भोसरीला शाखा, तिसऱ्या वर्षी मोशीला, चौथ्या वर्षी देहूरोड, पाचव्या वर्षी चाकण. चाकणला तेव्हा बैलगाडीशिवाय काय होतं? पण रेघ गेली होती ना चाकणला! कागद दुकानात भिंतीवर लावला, वर उदबत्ती खोचली. बेरीज बरोबर होती हो. मी शिवण बाजूला ठेवून म्हणालो, "वा मालोजीराव!" म्हणालो होतो मी. आता कशाला खोटं बोलू?

एकटा कादर आपल्या कामात. तो चाक फिरवत बसला होता, आरे ताणत. शेवटी मालोजीनंच छेडलं, "काय रं, बोल की कायतरी."

कादर म्हणाला, "मालोजी, ही रेघ कुनाची?"

"कुनाची म्हंजे? तासांची!"

"तास कुनाचे पर? ह्यो सयाजी, रोज न्हेतो. का न्हेतो? त्याच्याकडं सायकल न्हाई म्हनून. आन का न्हाई? तर नोकरी कच्ची हाय म्हनून. ज्योतीरामचं बी त्येच. उद्या हे लोक कायम झाले, की पयली सायकल घेनार, मंग बायकू आननार. आपल्याकडं कशाला येत्याल? पंक्चर काढायला येत्याल! तवा मालोजी, पैका हाय तो सामानात घालू. ट्यूबा घिऊ, ब्रेकची रबरं घिऊ, चाक सरळ करायचा ठोकळा घिऊ. सायकली त्यांच्या त्यांना घिऊ द्यात. मोडायच्या तर हाईतच."

बघा! पेन्सिल नाही, कागद नाही, आणि एका दमात सगळं सांगून मोकळा. मालोजीच्या वहीत तास होते, कादरच्या डोक्यात माणसं होती. हे मला आज कळतंय बरं का, तेव्हा मीही मनात म्हणालो, याला काय कळतं?

पण मी मनात म्हणालो. मालोजी तोंडानं म्हणाला! आणि कसं म्हणाला? त्या साहेबाच्या आवाजात म्हणाला, "कादर, तू पाना धर. डोकं मी चालवतो."

काय गरज होती हो? चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एक वाक्य.  कादरनं चाक पुरतं सरळ केलं, सायकलला बसवलं, घंटी वाजवून पाहिली. हात पुसले. स्वतःची पेटी उचलली, आणि "गोजावैनीला सलाम सांग" म्हणून चालायला लागला. मला वाटलं चहाला चाललाय. पुढच्या आठवड्यात कळलं, पिंपरीला कारखान्याच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली पंक्चर काढत बसलाय.

मालोजीच्या घरी गोजाबाईनं स्वयंपाक थांबवला. "जावा आन घिऊन या त्येस्नी!"

मालोजी म्हणे, "येईल तोच. सा महिन्यांत येईल. धंदा वाढला की मानूस लागनारच." म्हणजे हाही अंदाज कागदावर मांडल्यासारखाच!

तर सायकली आल्या. पुण्याच्या व्यापाऱ्याकडून हप्त्यानं, चोवीस, हिरव्या रंगाच्या, मागच्या चाकावर पांढरे नंबर. काय दिसायच्या सांगू! आणि चालल्या हो! पहिले चार-पाच महिने छत्तीसच्या छत्तीस बाहेर! मालोजी रोज संध्याकाळी कागदावर नवा ठिपका मारायचा आणि मला हाक मारायचा, "बघा, बघा, रेघेच्या वर गेलाय!" बेरीज बरोबर होती हो, रेघेपेक्षाही बरोबर! मध्येच कादरची आठवण निघाली की म्हणायचा, "आता असता तर बघितलं असतं त्यानं." म्हणजे रागानं नाही, तर आणलेला खाऊ दाखवायला घरात कुणी नसावं ना, तसं.

आणि मग आला छप्पन सालचा दसरा.

झालं काय, की दसऱ्याच्या आधल्या महिन्यात कारखान्यानं माणसं कायम केली. एकदम शे-दीडशे. वर सायकल घ्यायला उचल दिली, पगारातून थोडी थोडी कापून घेणार. आता चांगलीच गोष्ट की नाही? लोकांच्या घरी दिवाळीआधी दिवाळी! मालोजीलाही आनंद झाला. तो म्हणाला, पगार वाढला, आता दिवसदिवस सायकली नेतील. दसऱ्याला पहाटे उठून छत्तीस सायकली धुतल्या, छत्तीस हार घातले, हळदकुंकू लावलं, नवा सदरा घालून, मीच शिवलेला, गल्ल्यावर बसला.

पहिला आला सयाजी. काळी करकरीत नवी सायकल, झेंडूचा हार, हँडलला आपट्याची डहाळी. उतरला, पाया पडला. म्हणाला, "मालोजीकाका, दोन वर्षं तुमच्या सायकलीवर कामाला गेलो, म्हनून कायम झालो. पयला हात तुमचा लागू द्या हिला." पेढा दिला, सोनं दिलं, गेला. मालोजीनं सायकलीवरून हात फिरवला, घंटी वाजवली, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "गुणाचा पोरगा!"

दुसरा आला ज्योतीराम. नवी सायकल, पेढा, "मालोजीकाका, पयला हात तुमचा."

तिसरा आला. चौथा आला. अहो, कोकणातले आले, नगरचे आले, घंटी पळवणारा तोसुद्धा आला, आणि त्यानं दोन पेढे दिले! सगळे प्रेमानं, सगळे पाया पडून! कुणावर रागवायचं सांगा? शत्रू असते तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत मालोजी "आयुष्मान हो, आयुष्मान हो" म्हणत होता, दुपारनंतर नुसता हात वर करायला लागला. संध्याकाळी त्याच्यापुढं एकतीस पेढे होते, आणि मागं छत्तीस सायकली हारासकट, जागच्या हललेल्या नाहीत. त्या दिवशी वहीत किती तास लिहिले? शून्य. ठिपका कुठं मारायचा तेच त्याला कळेना, कारण त्या कागदावर खाली जायला जागाच ठेवली नव्हती!

मी गेलो, म्हटलं मालोजीराव, एक पेढा द्या. तो म्हणाला, "एकतीस झाले. कादरनं दोनच नावं सांगितली हुती."

पुढचं काय सांगू? रोज सकाळी उठून छत्तीस सायकलींत हवा भरायची, रात्रीतून ती आपोआप जायची. बरं, मध्येच नवे पैसे आले. दोन आण्यांचे बारा नवे पैसे की तेरा, यावर उरलेल्या चार गिऱ्हाइकांशी भांडणं, आणि मालोजीनं काय करावं? सगळी योजना नव्या पैशांत पुन्हा मांडली! परत बेरीज बरोबर! मी म्हणालो, "अहो, सायकली विका." विकल्या हळूहळू, निम्म्यानं, व्यापाऱ्याचे हप्ते त्यातच गेले. कागदावरची भोसरी गेली, मोशी गेली, राहिल्या पाच सायकली.

पण तुम्हाला सांगतो, सायकलींचं त्याला एवढं वाटलं नाही. पिंपरीकडून येणारा प्रत्येक जण सांगायचा, कादरकडं रांग असते. मालोजी नुसतं "असू दे की" म्हणायचा आणि चुकीच्या पान्यानं चुकीचा नट पिळत बसायचा. मी म्हणायचो, जा एकदा. गोजाबाई म्हणायची, जावा एकदा. तो म्हणायचा, "कंच्या तोंडानं जाऊ? जरा धंदा सावरू दे, मग ताठ मानेनं जातो." ह्याचंसुद्धा त्यानं पुढं ढकलायचं कोष्टक करून ठेवलं होतं! आधी म्हणाला पाडव्याला जाईन. मग म्हणाला गणपतीत. मग म्हणाला ईदेला जाऊन शिरखुर्मा खाईन, आणि ईदेला सकाळी पोटात दुखायला लागलं.

शेवटी परवा गोजाबाईनं एका सायकलीत स्वतः खिळा घातला आणि म्हणाली, "पंक्चर झालीय. पिंपरीला न्या."

गेला. सायकल हातात धरून, घाम पुसत, वाटेत बोलायचं पाठ करत. "कादर, माझं चुकलं. तू म्हनलास तेच झालं. चल परत, पाटीवर तुझं नाव आधी." एवढंच. कितीदा घोकलं म्हणाला, शंभरदा. पोचला तर रांग. सयाजी उठून उभा राहिला, "बसा काका." बसला. नंबर आला. कादरनं सायकल उलटी केली, टायर काढला, ट्यूब पाण्यात बुडवली, आणि मालोजी सगळं म्हणाला, रांगेसमोर, एका दमात, एक शब्द न चुकता.

कादर ट्यूबकडंच बघत होता. म्हणाला, "अडीच वर्सं झाली, मालोजी. पयल्या सालात रोज ह्या लिंबाखाली बसून म्हनायचो, आज यील. सामान दोघांचं भरायचो. सगळी मानसं वळखली मी, कोन कायम हुनार, कोन पळून जानार, कोन घंटी चोरनार. एक तुझाच अंदाज चुकला माझा." मग ठिगळ घासत म्हणाला, "गेल्या म्हयन्यात मेव्हन्याला घेतलं भागीत. गेल्याच म्हयन्यात रं."

मालोजीनं विचारलं, "पैसे किती झाले?" आणि कादरनं सांगितले. घेतले हो त्यानं! घेणारच. मेव्हणा समोर बसलेला.

मी मशीनवर होतो, मला दुरून मालोजी येताना दिसला, सायकल हातात धरून चालत. पिंपरी ते चिंचवड! म्हटलं, "का हो मालोजीराव, पंक्चर निघालं नाही?"

म्हणाला, "निघालं की. झकास निघालं."

"मग बसून का नाही आलात?"

"बसून आलो असतो," म्हणाला, "तर लवकर घरी पोचलो असतो. आन गोजा दारात उभी राहून इचारनार, काय म्हनला कादर?"