सायलेन्सरची खरखर

सर्बियातल्या निश शहरातल्या एका गॅरेजात माझा टायर बदलेपर्यंत शेजारचं बोलणं कानावर पडत होतं. मेकॅनिक झोरान गाडीखाली होता आणि देसांका काकू वाकून त्याला विचारत होत्या.

“एवढी खरखर म्हणजे गिअरबॉक्सच गेला ना रे? खरं सांग. बारा वाजता ह्यांना हॉस्पिटलातून घरी आणायचंय.”

“गिअरबॉक्स ठणठणीत आहे, काकू. सायलेन्सर कंपनीचा नाही, बाहेरचा आहे, त्याचा पत्रा अ‍ॅक्सलला घासतोय.”

“एवढंच?”

“एवढंच. कंपनीचा टाकू?”

“नको रे बाबा! आजारी पडायच्या आधी ह्यांनी स्वतःच्या हातानं बसवलाय.”

“मग पत्रा वाकवतो... हं, करा चालू.”

“अगं बाई, खरखर थांबली! देव तुझं भलं करो.”

“काकांना नमस्कार सांगा माझा.”

“छे! मी तुझ्याकडे आले होते हे कळलं, तर रुसून परत हॉस्पिटलातल्या त्याच खाटेवर जाऊन झोपतील.”