बुडालो तर आपल्या नावाने

भाऊ: अगं ताई, आपल्या ब्राउझरमधली ती ओळ तू खरंच काढून टाकलीस? मला न विचारता?

ताई: विचारलं असतं तर काढू दिली असतीस? सकाळच्या अपडेटबरोबर हा बदल सगळ्यांकडे पोचलासुद्धा.

भाऊ: इतकी वर्षं त्या ओळीतून आपला ब्राउझर प्रत्येक साइटला सांगत आला, की मी त्या मोठ्या कंपनीचाच ब्राउझर आहे. छोटे सगळे असंच सांगतात. का? तर साइटने दार उघडावं म्हणून.

ताई: आणि हजेरी लागते मोठ्यांची. आपली माणसं त्यांच्या नावावर मोजली जातात. मग आपल्या ब्राउझरवर साइट नीट चालते का, हे कोण कशाला तपासेल?

भाऊ: आता बघ काय झालंय. बँकेची साइट म्हणते, हा ब्राउझर चालत नाही. फोन थांबत नाहीये. एका आजींनी मला असं काही झापलंय म्हणतेस!

ताई: तू काय सांगितलंस?

भाऊ: काय सांगणार? म्हटलं, बँकेलाच विचारा.

ताई: शहाणा आहेस. सगळ्यांना हेच सांग.

भाऊ: चेष्टा सुचतेय तुला. लोक वैतागले की मोठ्यांचा ब्राउझर घेऊन मोकळे होतील. मग या खोलीत तू, मी आणि हा कुरकुरणारा पंखा. आणि साइट पडद्यावर उभी करणारं आतलं इंजिन त्यांचंच आहे ना? उसन्या इंजिनावर एवढा तोरा?

ताई: भाड्याच्या घरालाही पाटी आपल्याच नावाची लावतात. इंजिन त्यांचं, मान्य. त्यांनी ते बदललं की आपली धावपळ होते, तेही मान्य. पण जाहिरातवाल्यांना लोकांच्या मागे लागू द्यायचं नाही, हे आपण ठरवलं. माणसं त्यासाठी आली. ती आपली आहेत.

भाऊ: आणि बुडालो तर?

ताई: तर आपल्या नावाने बुडू.

भाऊ: थांब. बँकेचाच फोन. तू बोल.

ताई: स्पीकरवर टाक. हं, बोला.

बँकेचा माणूस: मॅडम, मी बँकेची साइट सांभाळतो. सकाळपासून तक्रारींनी जीव खाल्लाय. तुमची एवढी माणसं आमच्याकडे आहेत? आकड्यांत तर तुम्ही कधी दिसला नाहीत.

ताई: दुसऱ्याच्या नावाने येत होतो. आता नाही येणार.

बँकेचा माणूस: आजच्या दिवस जुनं नाव लावता का? साहेब डोक्यावर बसलेत.

(भाऊ हात जोडून 'हो म्हण' अशी खूण करतो.)

ताई: नाही. तुमची साइट आमच्याकडे व्यवस्थित चालते. चालणाऱ्या ब्राउझरच्या यादीत आमचं नाव घाला, झालं.

बँकेचा माणूस: एवढंच? धरा जरा... हं, घातलं. बघा.

भाऊ: उघडली. ताई, उघडली गं!

बँकेचा माणूस: आमच्याकडेही चालतेय की छान. यापुढे साइट बदलली की तुमच्यावरही तपासून घेऊ. फक्त एक सांगा, महिन्याच्या अहवालात तुम्हाला मोठ्या कंपनीच्या रकान्यात धरू ना? इंजिन तर तेच दिसतंय.

भाऊ: ताई, थांब, मी सांगतो. साहेब, इंजिन तेच आहे. रकाना वेगळा करा.