तीन उन्हाळ्यांच्या ताट्या

आरती: झिणझिण्या नाही बाबा, चांगला झटका बसला मले! कूलरच्या पत्र्याला नुसतं बोट लागलं. अन निधी दोन वर्षांची पोर, दिवसभर त्या जाळीले लोंबकळते. मी तिले घेऊन आजच अमरावतीले चालली.

भगवंतराव: थांब वं! नातीसाठी तं घासूनपुसून लावला हा कूलर. काल आली अन आज चालली? लोकं हासतीन मले.

आरती: मग मिस्तरी बोलवा. राहते.

भगवंतराव: मिस्तरी काहून? तो येते, पेचकस फिरवते, अन चांगली वस्तू बिघडवून जाते. आपला हात जगन्नाथ! याची मोटर म्या बसवली, पंप म्या बसवला. सुभद्रा! टेस्टर कुठं ठेवलं तू?

सुभद्रा: तुमच्याच खिशात हाय.

भगवंतराव: हां... आता पाय, आरती. पंपाच्या वायरले नवी टेप मारली. लाव बटन.

आरती: लावलं. अन टेस्टरचा लाइट बी लागला, बाबा. पत्र्यात करंट हाय अजून.

भगवंतराव: ओला हाय म्हणून. वाळला का जाते.

सुभद्रा: वाळला कूलर काय कामाचा?

भगवंतराव: तू मधात नको बोलू! डोकं आधीच तापून राह्यलं माह्यं.

आरती: बाबा, या पिनमध्ये अर्थिंगचा वायरच नाही.

भगवंतराव: काढला म्या. तो लावला का मेन बटन पडे, अख्ख्या घराची लाइन जाये. वायर काढला, तवापासून तीन वर्षं झाली, बटन एकदा पडलं नाई!

आरती: अहो, पत्र्यात करंट उतरत होता म्हणून पडत होतं ते! बोंबलून सांगत होतं, अन तुम्ही त्याचंच तोंड बांधलं.

भगवंतराव: मले शिकवते? अर्ध्या गल्लीचे पंखे सुधरवले म्या. त्या शेजारच्या हरिहररावच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दरसाल सडतेत. आपल्या पाय! तीन उन्हाळे झाले, अजून वाळ्याचा वास येते. याले म्हणतेत मेंटेनन्स! सांग सुभद्रा, तुले हाय का काही तकलीफ या कूलरची?

सुभद्रा: मले काय तकलीफ.

आरती: मग आई, पाणी भरताना तू पाटावर काहून उभी राह्यतं?

सुभद्रा: पहिल्या वर्षी झटका बसला होता मले. हे म्हणले, लाकडाच्या पाटावर उभी राह्य.

भगवंतराव: बरोबरच म्हणलो. लाकडातून करंट जात नाई.

आरती: अन बाबा कृषी केंद्राच्या दुकानात गेल्यावर? दिवसभर एकटी असतं तू.

सुभद्रा: तवा मी लावतच नाई.

भगवंतराव: काय लावत नाई?

सुभद्रा: कूलर. तुमी दुकानात गेले का पिन काढून टाकते. एकटी असली अन चिकटली, तं सोडवणार कोण? तुमची यायची वेळ झाली का लावते. ताट्या सडतीन कशा?

भगवंतराव: अवं, अकोल्याच्या उन्हात... दुपारभर?

सुभद्रा: टावेल भिजवते, डोक्यावर घेते, फरशीवर पडते. निंगून जाते दुपार.

भगवंतराव: मले सांगावं नाई का, बाप्पा!

सुभद्रा: एकटीले भेव वाटते, सांगितलं होतं. तुमी म्हणले, चप्पल घाल.

(भगवंतराव भिंतीतली पिन उपटतात. कूलर घरघरत थांबतो.)

भगवंतराव: आरती, मिस्तरीले फोन लाव.

आरती: या टायमाले कोण येते, बाबा? संध्याकाळी येतो म्हणेल.

भगवंतराव: मंग संध्याकाळी ये म्हणा. पण आजच ये म्हणा... सुभद्रा, तो टावेल कुठं असते तुहा? दे, भिजवून आणतो मी.