वळवणीचा पत्ता

रक्त तपासायच्या रांगेत शिंपीणबाई टोकन मुठीत धरून बसल्या होत्या. शेजारी बाप आणि लेक. लेकीच्या मांडीवर पत्ते पसरलेले, प्रत्येकावर एकेक सुळे विचकलेलं पिशाच्च.

"बाबा, ढालीचे पत्ते काढून टाका. हल्ला अडतो, पण रक्त आपलंच जातं. वळवणीचे घ्या."

"त्यानं काय होतं?"

"हल्ला सरळ डावीकडच्यावर जातो. आपल्याला ओरखडाही नाही!"

"डावीकडे तुझी आई बसते."

"अहो, खेळ आहे तो! म्हणूनच दर रविवारी तुम्ही सगळ्यांत आधी मरता."

"मरतो की. सवय झालीय आता."

"बरं, जागा बदलू. मी बसते तुमच्या डावीकडे."

"तू?"

"हो, मी."

"राहू दे. ढालीच बऱ्या."

"बाबा! तिघांच्या खेळात मी चौथं माणूस कुठून आणू?"

तेवढ्यात आतून आई आली, कोपराच्या खळीत कापूस दाबून धरलेली.

"काय खलबतं चाललीत?"

"काही नाही. बाबा रविवारी परत हरणार आहेत."

"तुला गरगरतंय का गं? बस आधी," बाबा आईला म्हणाले.

बाबांच्या डाव्या हाताची खुर्ची शिंपीणबाईंचीच होती. त्या लगबगीनं उठल्या.

"इथं बसा, ताई. ही जागा तुमची."