आम्ही आणि आपण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपले अधीक्षक डॉक्टर, मेट्रनबाई, हाडांच्या वॉर्डातल्या माझ्या सगळ्या सिस्टर, आया, वॉर्डबॉय, आणि शेवटच्या रांगेतून मला आत्तापासूनच 'आवर' अशी खूण करणारे आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

निवृत्तीच्या या समारंभात मी आभार मानून लगेच बसणार होते. पण अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, "सिस्टर मूळच्या आपल्यातल्या नव्हेत, पण मराठी काय सुंदर बोलतात!" आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. अहो, कशाबद्दल? लग्न होऊन इथे आले तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती; आता काय उरलंय ते समोर दिसतंच आहे. एवढ्या वर्षांत मी याच भाषेत भाजीवाल्याशी भांडले, पोरीला झोपवलं, नातेवाइकांना नको त्या बातम्या सांगितल्या. अध्यक्षसाहेब, मराठी तुम्हीही छान बोलता. तुमच्यासाठी कधी कोणी टाळ्या वाजवल्या?

हसताय काय? मी खरंच वैतागले आहे.

माझ्या माहेरच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. नवीन होते तेव्हा प्लास्टर काढलेल्या एका आजोबांना म्हटलं, "चला आजोबा, आम्ही चालूया." ते म्हणाले, "तुम्ही खुशाल चाला, मी इथेच बरा आहे." मग दात नसलेलं तोंड भरून हसले. "पोरी, मला बरोबर न्यायचं असेल तर 'आपण' म्हण."

तेव्हापासून माझ्या तोंडचं 'आपण' सुटलेलं नाही. आपण उठूया, आपण इंजेक्शन घेऊया. एक पेशंट तर म्हणाला, "सिस्टर, मग अर्धं तुम्ही घ्या!"

पण मला कोण म्हणतं 'आपण'? रोज दुपारी दारातून मेट्रनबाईंची हाक यायची, "सिस्टर, आम्ही चहाला चाललोय, तुम्ही येणार?" मी जायची. तिथे पुढचा प्रश्न तयारच असायचा, "तुमच्यात असं करतात का हो?" आमच्यात म्हणजे कुणात? हाडांच्या वॉर्डात?

गेल्या वर्षी आई आजारी पडली म्हणून माहेरी गेले. तिच्या पाठीखाली हात घातला आणि सवयीने तोंडातून मराठीच निघालं, "चला, आपण बसूया." आईने माझ्याकडे पाहिलं आणि दादाला विचारलं, "ही बाई काय म्हणते रे?" ही बाई! माझी सख्खी आई! दादा म्हणाला, "जाऊ दे गं, ती आता तिकडची झाली."

तिथे मी तिकडची. इथे चहाच्या टेबलावरही तिकडचीच. मग मी इकडची आहे तरी कुठे?

आई नंतर गेली. 'आपण'चा अर्थ तिला सांगायचा राहूनच गेला. मला त्याचं अजून फार वाईट वाटतं... नाही, पाणी नको, मी ठीक आहे.

आणि आज अध्यक्ष मला शुभेच्छा देतात की सिस्टर आता आपल्या मुलखात परत जाऊन आराम करतील! साहेब, माझा मुलूख या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आहे, पिठाच्या गिरणीच्या वर. तिथला नळ गळतो, आणि तो दुरुस्त करायला उद्या माणूस येणार आहे. मी कुठेही चाललेले नाही.

असो. भेट दिलेल्या या घड्याळाबद्दल, आणि माझी चिडचिड इतकी वर्षं सोसल्याबद्दल, मी सगळ्यांची मनापासून आभारी आहे. बोलताना तोल गेला असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. भाषेत चूक झाली असेल तर मात्र घरच्या माणसाला रागावता तसं सरळ रागवा. कौतुक तेवढं करू नका.

टाळ्याही नकोत. बाहेर चहा गार होतोय. मेट्रनबाई, तुम्ही उठायच्या आत आज मीच म्हणते.

चला, आपण जाऊया.