ते वाक्य नाटकात नव्हतं

माझं माहेर तळा गावाच्या बाजूचं, डोंगराच्या अंगाला लागलेलं गाव, भात आणि नाचणी, दुसरं कायबी न्हाय. आमी सगळ्या बहिणीच. भाऊ व्हावा म्हणून आवस बाळंत होत ऱ्हायली आणि बापूस खाली मान घालून फिरत ऱ्हायला, कारण गावात लोक त्याला बोलायचे, अरे तुझ्या मिशीला पीळ द्यायला कोण न्हाय काय रे. मिशी बापसाचीच, पीळ दुसऱ्यानं कशाला द्यायचा, असं मला तवा वाटायचं, पण पोरीच्या जातीनं इचारायचं कुणाला. असो. तुमी इचारलंत म्हणून सांगते ताई, न्हायतर ही गोष्ट मी आजवर माहेरीसुद्धा बोलली न्हाय.

लगीन झालं ते म्हसळ्याच्या पलीकडं, समुद्राकडच्या अंगाला. आमचे हे, म्हणजे नाव दिनकर, आता घेते, आता कोण काय बोलणार हाय, हे न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचे, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचे. दिसायला काय सांगू तुम्हाला, उंच, छाती अशी, केस मागं वळवलेले, शर्टाची वरची बटणं उघडी. गावातली पोरं मागनं चालायची त्यांच्यासारखं चालायला. आणि ते कुणासारखं चालायचे तर पिक्चरातल्या माणसासारखं. शेव्याला असताना एक पिक्चर सोडत न्हवते, आणि ट्रेलरांची लाईन लागली की तासन् तास बसून पुस्तकं वाचायचे, जुन्या लढायांच्या कादंबऱ्या, फाटक्या, पुठ्ठा गेलेल्या. त्यात कसा एक एक वीर, दहाजणांना भारी, आणि त्याच्या पोटी वाघ जन्मतो. घरी आले की मला वाचून दाखवायचे. मी भाकऱ्या थापत ऐकायची. मला त्या वाघाच्या आवशीचं काय झालं ते ऐकायचं असायचं, पण ते त्यात लिवलेलं नसायचं.

माणूस वाईट न्हवता हो. पण नवरा कसा असतो हे त्याला कुणी घरात शिकवलेलं न्हवतं, बापूस लहानपणीच गेलेला, मंग जे काय शिकला ते पिक्चरात आणि पुस्तकात. लग्न नवं असताना माझं मनगट असं धरायचे की दुसऱ्या दिवशी पाटा-वरवंटा धरवायचा न्हाय. मी न्हाय म्हणायची तर हसायचे. एकदा मी रडायला लागली, बोलली, दुखतं मला, न्हाय म्हणजे न्हाय. तर हे एवढे दचकले, एवढे दचकले, बोलले, अगं मला वाटलं तू लाजतेस. पिक्चरात बाय न्हाय म्हणते तवा तिच्या मनात व्हय असतं, तेच धरून बसलेले. त्या दिवसापासून कधी जोर केला न्हाय, मी सांगेन ते ऐकलं. पण बाहेर कुणाला ते दिसता कामा नये. बाहेर, ए, पाणी आण, असंच बोलायचं. मी आणायची. त्यात माझं काय जातंय.

आणि नाटक. गावदेवीच्या पूजेला दर वर्षी नाटक व्हायचं, आमच्या शाळेतले मास्तर स्वतः लिवायचे, आणि नायक म्हणजे आमचे हे, दुसरा कोण न्हायच. आवाज असा की मागच्या माणसाला माईक नको. मुंबईकर पूजेला यायचे ते ह्यांचं काम बघायला. घरधन्याचं काम, पाटलाचं काम, फौजेतल्या माणसाचं काम. मिशी लावायची गरज न्हवती, घरचीच होती. मी बायकांत बसून बघायची, आणि खोटं कशाला बोलू, मलाबी छाती भरून यायची.

पण मूल होईना. एक वरीस गेलं, दुसरं गेलं, मंग मोजायचं सोडलं. सासूनं नवस बोलले, अंगारे आणले, कुठल्या कुठल्या मुळ्या उगाळून पाजल्या, त्या सगळ्या मलाच. डोहाळजेवण असलं कुणाचं की मला बोलावणं न्हाय, गेली तर ओटीचं ताट माझ्या पुढनं तसंच पुढं जायचं. सासू मला काय बोलायची ते आता बोलत न्हाय, गेली बिचारी, तिलाबी कुणीतरी बोललेलंच असणार.

मंग मी हट्ट धरला आणि आमी पनवेलला डॉक्टरीणबायकडं गेलो, लांब जाऊ म्हणजे ओळखीचं कुणी बघणार न्हाय. तिनं दोघांना तपासलं. रिपोर्ट आले तवा समोर बसवलं आणि ह्यांना सरळ सांगितलं, तुमच्या बायकोत काही दोष नाही, तुमच्यात बीज नाही. ह्यांनी ऐकलं, पण ऐकलंच न्हाय जणू. ती शांतपणे बोलत ऱ्हायली, हे बघा, यात मर्दपणाचा काही संबंध नाही, नवरा म्हणून तुम्ही नीट आहात, कुणाचे डोळे अधू असतात तसं हे, मूल दत्तक घेता येतं. चांगली बाय होती. पण ह्यांना त्यातलं कायबी शिरलं न्हाय.

बाहेर आलो, एस्टीला वेळ होता, हे बोलले चल पिक्चर बघू. मला वाटलं बरं, मन रमेल. आणि काय सांगू ताई, नशीब कसं असतं, त्या पिक्चरात एक माणूस व्हता, लग्न झालेला, ज्याला पोरं होत न्हायत असला. बारीक आवाजात बोलायचा, बायकोला घाबरायचा, नायक त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि तो खाली पडायचा. तो नुसता दिसला की सगळं थेटर हसायचं. पाठीमागचा माणूस तर खुर्चीवर लाथा मारून हसत व्हता. हे आधी हसले. खरंच हसले, सवयीनं. मंग थांबले. वेफर्सची पुडी हातात तशीच ऱ्हायली. मी त्यांचा हात धरायला गेली तर त्यांनी काढून घेतला, आणि एवढंच बोलले, बघितलंस, असला माणूस असा असतो. मी बोलली, तो पिक्चरातला हाय. तर बोलले, दुसरा कुठं बघितलास तू? मला दुसरा कुठला दाखवता येईना. कुठं व्हता हो? मीबी कधी ऐकला न्हवता, बघितला न्हवता. ना त्यांच्या कादंबरीत, ना मास्तरांच्या नाटकात.

एस्टीत बोलले, कुणाला सांगू नको. मी बोलली न्हाय सांगणार. आणि न्हाय सांगितलं. मी वांझ ऱ्हायली. दत्तकाचं काढलं एकदा, तर बोलले, दुसऱ्याचं पोरगं आणलं की गाव इचारणारच, का आणलं.

मंग सासूनं दुसऱ्या लग्नाचं काढलं. कायद्यानं होत न्हाय, पण आमच्याकडं देवळात माळा घातल्या तर कोण कुणाला अडवतो. भावकी सासूच्या बाजूनं. पोरगी बघितली ती माझ्याच माहेराच्या अंगाची, तळ्याकडची, बापूस गरीब, पोरीला आवस न्हाय. हे व्हयबी बोलेनात आणि न्हायबी बोलेनात. न्हाय बोलायचं तर का न्हाय ते सांगायला लागणार. मी रात रात त्यांच्या तोंडाकडं बघायची. एकदाच बोलली, त्या पोरीलाबी मुळ्या उगाळून पाजतील, आणि मंग तिलाबी तेच बोलतील जे मला बोलतात. मंग तिसरी आणाल काय? ते उठून ओटीवर जाऊन बसले.

त्या वर्षी मास्तरांनी नाटक काय लिवावं. एक घरंदाज माणूस, बायकोला मूल न्हाय, तो तिला घराबाहेर काढतो, दुसरी आणतो, तिच्या पोटी मुलगा येतो, शेवटी पयली त्याच मुलाच्या पायाशी प्राण सोडते. मास्तरांना कायबी ठाऊक न्हवतं हो, त्यांच्या मनात पाप न्हवतं, लोकांना असलंच आवडतं म्हणून लिवलेलं, बायका पदर तोंडाला लावून रडतात. घराबाहेर काढायचा जो प्रवेश व्हता तो ह्यांचा मोठा प्रवेश. शाळेच्या पडवीत तालीम चालायची, माझ्या घरापर्यंत आवाज यायचा. वांझोटी, चालती हो माझ्या घरातनं. तिथं आले की हे अडकायचे. मास्तर मागनं वाक्य सांगायचे, हे पुन्हा अडकायचे. पोरं बोलायची, दिनूभाऊ म्हातारे झाले.

पूजा आली. मुंबईकरांना संध्याकाळच्या गाड्या पकडायच्या म्हणून त्या वर्षी नाटक दुपारीच ठेवलेलं, मांडवात, उजेडात. सासूनं त्या पोरीच्या बापसाला मुद्दाम बोलावलेला, आमचा दिनकर बघा कसा मर्द गडी हाय. पुढच्या खुर्चीत बसवलेला, स्वच्छ धुतलेला सदरा, हातात टोपी. मी मागं, खांबाला टेकून.

तो प्रवेश आला. नटी पनवेलहून आणलेली, ती ह्यांच्या पायाशी बसलेली. ह्यांनी हात वर केला, दाराकडं बोट केलं, आणि थांबले. मास्तरांचा आवाज मला मागपर्यंत ऐकू आला, वांझोटी, वांझोटी. ह्यांनी हात खाली घेतला. नटीकडं बघेनात, वर, लोकांच्या डोक्यावरनं बघायला लागले, मला वाटतं मला शोधत व्हते. आणि मंग त्या आवाजात, जो माईकशिवाय शेवटपर्यंत जातो, बोलले, हिचा दोष न्हाय. दोष माझ्यात हाय. बीज माझ्यात न्हाय. मी डॉक्टरला दाखवलंय.

मला वाटलं, झालं, आता धरणी फाटेल.

आणि नाटकात एक विनोदी मामा व्हता, त्या कामाचा माणूस बिचारा, त्याला वाटलं दिनकर वाक्य विसरला, सांभाळून घेतलं पायजे, तो मागनं ओरडला, अरे मंग शेजारचा कोंबडा आण की! आणि मांडव फुटला. अशी हसली माणसं, अशी हसली, बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, सासूसुद्धा हसली. हे मधोमध उभे. खरं बोललेला माणूस, आणि समोर सगळा गाव हसतोय. पनवेलचं थेटर हसलं व्हतं तसाच. नटी तेवढी हसली न्हाय, तिनं ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पदर सावरून आपणच उठली, आपणच आत गेली. पडदा पाडला. टाळ्या पडल्या त्या वेगळ्याच.

मी मागच्या बाजूनं गेली. तिथं तो पोरीचा बापूस माझ्या आधी पोचलेला. ह्यांच्या समोर उभा, टोपी अजून हातात. त्यानं हळू इचारलं, पाव्हणं, ते नाटकातलं व्हतं की खरं? हे बोलले, खरं. मंग त्यानं हात जोडले, खाली वाकून नव्हे, नुसते जोडले, आणि बोलला, माझी पोरगी वाचवलीत. आणि जेवायलाबी न थांबता गेला. कुणाला कधी बोलला न्हाय तो माणूस, हे मात्र त्याचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. ओटीवर बसले, पाणी घेतलं, बोलले, दिनकर, ते वाक्य माझं नव्हतं. हे बोलले, न्हाय मास्तर, माझं व्हतं. मास्तरांना कळलं. मंग मास्तर बोलले, असला नायक मी कधी लिहिला नाही, कारण कधी वाचलाच नाही. लिहितो आता. पण न्हाय लिवलं. लिवायला घेतलं व्हतं म्हणे, पण पूजेचं मंडळ बोललं, मास्तर, कॉमेडी करा, गेल्या वर्षीसारखी. पुढं मास्तर गेले.

आणि गाव? गाव आजवर त्याला कॉमेडीच समजतो. लग्नात, क्रिकेटात, कोण हरला की बोलतो, दोष माझ्यात हाय, आणि हसतात. ठरलेलं स्थळ मोडलं त्याचंबी माझ्यावरच आलं, हिनं करणी केली म्हणून पोरीचा बापूस पळाला. सासू मरताना माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाय तिनं. ह्यांनी तिला सांगितलं शेवटी, खाटेशी बसून सांगितलं, आये, हिचं कायबी न्हाय, माझंच हाय. ती काय बोलली ठाऊक हाय? बोलली, बायकोला वाचवायला किती खोटं बोलशील रे, तू माझा वाघ हायस. तशीच गेली. आता माणसानं आणखी कसं खरं बोलावं, सांगा तुमी.

नाटकात त्यानंतर उभे ऱ्हायले न्हाय. नोकरी संपली, आता घरीच असतात, गुडघे गेलेत, घरामागं दोन भाज्या लावतात. गेल्या गणपतीत पुतण्या आला, बोलला, काका, तुमच्या त्या नाटकाची जुनी व्हिडिओ कॅसेट कुणाकडं सापडली, मोबाईलवर टाकलीय, सगळा गाव बघतोय. त्याच्या खाली लोकांनी ती हसणारी पिवळी तोंडं टाकलेली, ही एवढी. ह्यांनी मोबाईल हातात घेतला आणि शेवटपर्यंत बघितला. ते वाक्य, तो कोंबडा, सगळं. मला वाटलं आता मोबाईल भिरकावतील. तर परत दिला आणि बोलले, आवाज चांगला लागला व्हता रे त्या दिवशी.

पुतण्या गेल्यावर मला बोलले, ती तळ्याकडची पोरगी कुठं असेल ग आता? मी बोलली, मला काय ठाऊक. माहेरी कधी इचारलं न्हाय मी, इचारलं तर कशाला इचारते म्हणतील. आता तीबी चाळिशी ओलांडून गेली असेल. तिला आमचं नावसुद्धा ठाऊक नसेल. बापसानं कुठं दिली असेल, सुखात असेल की नसेल, ते तिचं नशीब. पोरंबाळं झाली असतील तर औक्षवंत होवोत, न्हाय झाली असतील तर तिच्या पुढनं ओटीचं ताट कुणी फिरवून न नेवो. एवढंच मी देवीला सांगते, पूजेच्या दिवशी, रांगेत माझा नंबर आला की. आता उठा ताई, उन्हं कलली, म्हसळ्याची गाडी चुकेल तुमची.